तोफेचे वय, जहाजाचे वय

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही जुनी अवजड शस्त्रे पुन्हा कामाला येतात का, या प्रश्नाचा एक चांगला दाखला याच जिल्ह्यात, परंड्याच्या किल्ल्यात सापडतो. मुलुखमैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर दिसते, पण त्याआधी ती परंड्याला होती. निजामशाहीत १५४९ साली ती ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, आणि नळीचे तोंड इतके रुंद की त्यात माणूस बसावा. अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर परंडा काही काळ निजामशाहीची राजधानी झाला. पुढे १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ही तोफ परंड्याहून उचलून भीमेपलीकडे विजापुरास नेली. ती ओढायला शेकडो बैल आणि हत्ती लागले, असे परंपरा सांगते. ओतल्यापासून ८३ वर्षे उलटलेली तोफ एवढा खटाटोप करून नेण्यात शहाणपण होते का? होते. त्या ८३ वर्षांत वेढ्याची रीत बदललेली नव्हती. तीच काळी दारू, तसेच गोळे, तसेच गोलंदाज आणि तशाच भिंती. म्हणून म्हातारी तोफ नव्या राजधानीच्या तटावर मानाने चढली. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरून घेतला. पुढे १८५४ मध्ये इंग्रज अमदानीत हीच तोफ लिलावात निघाली, तेव्हा बोली दीडशे रुपयांवर थांबली आणि इतकी नगण्य किंमत पाहून विक्री रद्द करण्यात आली. धातू तोच होता, वजनही तेच होते. भोवतालचे युद्ध मात्र तिला सोडून पुढे निघून गेले होते.

या तोफेवरून जो नियम निघतो तो सगळ्या मोठ्या शस्त्रांना लागू पडतो. शस्त्राचे वय त्याच्या जन्मसालावरून ठरत नाही. त्याला लागणारी माणसे, दारूगोळा, सुटे भाग आणि मुळात त्याने करायचे काम, यांपैकी किती शिल्लक आहे यावरून ते ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर बासनात बांधून ठेवलेल्या बॅटलशिप पुन्हा युद्धात उतरू शकत होत्या का, हा प्रश्न अभ्यासकांना आणि हौशी वाचकांना आजही पडतो. त्याचे उत्तर याच नियमाने शोधले पाहिजे. बॅटलशिप म्हणजे तोफांच्या युगातली सर्वांत मोठी लढाऊ नौका. अमेरिकेच्या आयोवा वर्गातल्या आयोवा, न्यू जर्सी, मिसुरी आणि विस्कॉन्सिन या चार नौका या जातीचे शिखर होत्या. लांबी २७० मीटर, वेग ३३ नॉट, बाजूला सुमारे ३०० मिलिमीटर जाडीचे पोलादी कवच आणि १६ इंची नऊ तोफा. यातली एक तोफ १,२०० किलोहून जड गोळा सुमारे ३८ किलोमीटरवर टाकू शकत होती. मात्र या चारही नौका १९४३-४४ मध्ये सेवेत आल्या तोवर त्यांच्या जातीची सद्दी संपत आली होती. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटिशांच्या प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या नौका केवळ विमानांच्या हल्ल्यात बुडाल्या. एप्रिल १९४५ मध्ये जपानच्या यामातोचे तेच झाले. समुद्रावरचे राज्य विमानवाहू नौकांकडे गेले होते.

युद्ध संपताच अमेरिकेपुढे हजारो जहाजांचे काय करायचे हा प्रश्न आला. मोडीत काढली तर उद्या युद्ध पेटल्यावर पुन्हा बांधायला वर्षे लागणार, आणि चालती ठेवली तर शांततेच्या काळात एवढे नाविक आणि एवढा पैसा कुठून आणायचा? म्हणून जहाज जपून ठेवण्याचे एक शास्त्रच तयार झाले. जहाजाचा खरा शत्रू हवेतला दमटपणा आहे. त्यामुळे आतले भाग बंद करून तिथली हवा यंत्राने कोरडी ठेवायची, यंत्रांना आणि उघड्या पोलादाला गंजरोधक तेल व ग्रीस लावायचे, वरच्या तोफांवर प्लास्टिकचे हवाबंद आवरण फवारायचे, तळाकडची पाण्याची तोंडे बुजवायची आणि पाण्यातल्या सांगाड्याला गंज चढू नये म्हणून सौम्य विद्युतप्रवाह द्यायचा, अशी ही रीत होती. ती नीट पाळली तर पोलाद दशकानुदशके टिकते, हे सिद्ध झाले आहे. पण जहाज म्हणजे नुसते पोलाद नाही. हंगामभर बंद राहिलेल्या विहिरीवरच्या मोटारीचा पत्रा शाबूत असतो आणि रबर आणि वायर मात्र गेलेले असतात. जहाजात असे लहानसहान भाग लाखांनी असतात. त्याहून मोठी अडचण अशी की यंत्राला ग्रीस लावून जपता येते, यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या हातातले कसब तसे जपता येत नाही.

तरीही पहिली साक्ष पुनरागमनाच्याच बाजूने पडते, हे मान्य केले पाहिजे. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेची मिसुरी ही एकच बॅटलशिप सेवेत होती. न्यू जर्सी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाहेर आली, विस्कॉन्सिन मार्च १९५१ मध्ये आणि आयोवा ऑगस्ट १९५१ मध्ये. या नौका बंद होऊन दोन-तीन वर्षेच झाली होती. त्यांच्यावर लढलेले नाविक पस्तिशी-चाळिशीच्या आत होते, गोळे कोठारांत भरलेले होते, बॉयलरचे भाग बनवणारे कारखाने चालू होते. मुख्य म्हणजे काम होते. कोरियाचा किनारा लांब, रस्ते आणि रेल्वे समुद्राला लागून, आणि शत्रूकडे या नौकांना घाबरवील असे नौदल नव्हते. परंड्याच्या तोफेला १६३२ मध्ये जी अनुकूलता मिळाली तीच या नौकांना इथे मिळाली. पुढे १९५८ पर्यंत चारही पुन्हा बंद झाल्या. एप्रिल १९६८ मध्ये व्हिएतनामसाठी एकट्या न्यू जर्सीला सुमारे २ कोटी १० लाख डॉलर खर्चून उठवण्यात आले. तिने १६ इंची तोफांतून ५,६०० हून अधिक गोळे टाकले आणि दीड-पावणेदोन वर्षांत ती परत राखीव ताफ्यात गेली. जमिनीवरच्या सैनिकांना तिचा मोठा आधार वाटे, याबद्दल वाद नाही. पण चारांपैकी एकच नौका, एकाच मोहिमेपुरती बाहेर काढली गेली. तिला करण्याजोगे काम किती आखडले होते ते यातून कळते.

तिसरे पुनरागमन सर्वांत गाजलेले आणि सर्वांत बोधप्रदही आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात सहाशे जहाजांचे नौदल उभारण्याचे ठरले. न्यू जर्सी १९८२ मध्ये, आयोवा १९८४ मध्ये, मिसुरी १९८६ मध्ये आणि विस्कॉन्सिन १९८८ मध्ये परत आली. एकट्या न्यू जर्सीवर ३० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. प्रत्येकीवर ३२ टॉमहॉक क्रूझ क्षेपणास्त्रे, १६ हार्पून आणि जवळच्या हल्ल्यापासून बचावासाठी चार फॅलँक्स तोफा बसवल्या गेल्या. खरी अडचण जुन्या भागांनी आणली. १६ इंची नळी बनवणारा कारखाना जगात उरला नव्हता. दारू दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची होती. १९८४ मध्ये न्यू जर्सीने लेबनॉनवर मारा केला तेव्हा नेम चुकल्याच्या तक्रारी झाल्या आणि पुन्हा मिसळून भरलेल्या जुन्या दारूकडे बोट दाखवले गेले. १९ एप्रिल १९८९ रोजी आयोवाच्या दुसऱ्या बुरुजात स्फोट होऊन ४७ नाविक मेले. नौदलाने आधी एका मृत नाविकावर ठपका ठेवला. पुढे सांडिया प्रयोगशाळेच्या तपासात दारूच्या थैल्या नळीत जास्त जोराने ठासल्या गेल्याने स्फोट झाला असण्याची शक्यता पुढे आली, आणि १९९१ मध्ये नौदलाला त्या नाविकाच्या कुटुंबाची क्षमा मागावी लागली. स्फोटाचे कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. जुन्या यंत्राभोवतीचे ज्ञान विरळ झाले की त्याची किंमत माणसे भरतात, एवढे मात्र ठसठशीत दिसले.

१९९१ च्या आखाती युद्धात मिसुरी आणि विस्कॉन्सिन यांनी हजाराहून अधिक मोठे गोळे टाकले आणि पन्नासएक टॉमहॉक सोडली. बॅटलशिपचे समर्थक हा दाखला नेहमी देतात. त्याकडे बारकाईने पाहिले तर तो उलट दिशेला बोट दाखवतो. या नौकांनी दूरवर केलेला मारा टॉमहॉकचा होता, आणि तेच टॉमहॉक त्याच युद्धात विनाशिका आणि पाणबुड्याही सोडत होत्या. क्षेपणास्त्राला पेटीची गरज असते. ती पेटी दीड हजार नाविकांच्या नौकेवर ठेवली काय आणि तीनशेंच्या नौकेवर ठेवली काय, क्षेपणास्त्राची झेप तेवढीच राहते. म्हणजे बॅटलशिप परत आल्या त्या आपल्या तोफांच्या बळावर कमी आणि पाठीवर लादलेल्या नव्या शस्त्राच्या बळावर जास्त. युद्ध संपल्यावर सुमारे वर्षभरात मिसुरी निवृत्त झाली. आयोवा आणि विस्कॉन्सिन गरज पडल्यास उठवता याव्यात म्हणून कागदोपत्री २००६ पर्यंत राखीव होत्या, पण त्यांना कोणी उठवले नाही. आज चारही नौका संग्रहालये आहेत. इतर देशांत हे उत्तर त्याआधीच मिळाले होते. ब्रिटनची व्हॅनगार्ड १९४६ मध्ये पूर्ण झाली आणि १९६० मध्ये भंगारात गेली. तिच्या १५ इंची तोफा पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या होत्या, हे जाता जाता लक्षात ठेवावे. सोव्हिएत संघाने इटलीकडून भरपाई म्हणून घेतलेली, १९११ मध्ये जलावतरण झालेली जुनी नौका नोव्होरोसिस्क या नावाने चालवली. १९५५ मध्ये सेवास्तोपोल बंदरातच स्फोट होऊन ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

भारताकडे बॅटलशिप कधीच नव्हती. पण अर्धवट राहिलेल्या किंवा राखीव ताफ्यात पडलेल्या मोठ्या नौकांना नवे आयुष्य देण्याचा अनुभव भारताइतका थोड्याच देशांना आहे. पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका म्हणजे त्यातला सर्वांत उजळ अध्याय. हर्क्युलिस या नावाने १९४३ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले, सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, आणि युद्ध संपल्यामुळे काम थांबून ती अपुरी पडून राहिली. भारताने १९५७ मध्ये ती घेतली. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत तिला तिरकी धावपट्टी आणि वाफेचे कॅटपल्ट बसले. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात आली. अपुरी राहिली हेच तिच्या पथ्यावर पडले. तिची रचना अजून लवचीक होती आणि विमानवाहू नौकेचे युग मावळायचे नव्हते, चढायचे होते. क्रूझर म्हैसूरची गोष्ट वेगळी आहे. नायजेरिया या नावाने १९४० पासून महायुद्ध लढलेली ही नौका भारताने १९५४ मध्ये घेतली आणि बर्कनहेडला डागडुजी करून १९५७ मध्ये दाखल केली. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीवेळी अंजदीव बेटावरच्या पोर्तुगीजांवर तिच्या सहा इंची तोफा धडाडल्या. वेढा पडलेल्या बेटावर मारा करणे हे जुन्या तोफांना शोभणारे काम होते, आणि त्यांनी ते केले.

दहाच वर्षांनी चित्र किती बदलले ते पाहा. १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात म्हैसूर पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. पण ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर घाव घालायला नौदलाने निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्रनौका पाठवल्या. प्रत्येकीचे वजन दोन-अडीचशे टन. त्यांनी खैबर ही पाकिस्तानी विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडवली. आठ-दहा हजार टनांच्या तोफधारी क्रूझरला शत्रूच्या बंदराजवळ इतक्या धाडसाने पाठवणे कोणाला परवडले नसते. त्याच युद्धात विक्रांत पूर्वेकडे लढली, तिच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव बंदर हादरवले. पण तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते आणि तिला वेग आवरून चालावे लागत होते. नौदलाचे धैर्य मोठे म्हणून ही उणीव झाकली गेली. पडून राहून पुन्हा उठलेल्या मोठ्या जहाजाचे सर्वांत नाजूक अंग त्याचे पोट असते, तोफा किंवा कवच नव्हे. हे पुढे विक्रमादित्यनेही दाखवले. विक्रमादित्य या नावाने भारताकडे आलेली सोव्हिएत विमानवाहू नौका गॉर्शकोव्ह १९९६ मध्ये बंद पडली होती. २००४ चा करार ९७ कोटी ४० लाख डॉलरचा होता आणि नौका २००८ मध्ये यायची होती. प्रत्यक्षात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली, किंमत २३५ कोटी डॉलरवर गेली, आणि २०१२ च्या चाचणीत तिच्या आठपैकी सात बॉयलरना बिघाड झाला. उघडून पाहिल्याशिवाय जुन्या जहाजातले दुखणे कळत नाही, आणि उघडले की हिशोब हाताबाहेर जातो.

या सगळ्यावर तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की आजची जहाजे पातळ पत्र्याची आहेत आणि जहाजविरोधी क्षेपणास्त्रे त्यांच्यासाठीच बनली आहेत. ३०० मिलिमीटर पोलादापुढे ती निष्प्रभ ठरतील. कवचाला काही अर्थ आहे हे खरे. पण कवच सगळ्या नौकेवर नसते. रडार, अँटेना, दिशादर्शक हे सर्व वर उघडे असते, आणि ते गेले की नौका आंधळी होते. वरून पडणाऱ्या अस्त्राचे उत्तर तर १९४३ मध्येच मिळाले होते. इटलीची नवीकोरी बॅटलशिप रोमा जर्मनांच्या रेडिओने वळवलेल्या दोन बॉम्बनी बुडाली. आणि पाण्याखालून येणाऱ्या टॉर्पेडोला वरचे कवच अडवत नाही. पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून वाचलेली अमेरिकन क्रूझर फिनिक्स अर्जेंटिनाकडे जनरल बेल्ग्रानो म्हणून गेली. मे १९८२ मध्ये ब्रिटिश पाणबुडीच्या दोन टॉर्पेडोंनी ती बुडाली आणि ३२३ जण मेले. ते टॉर्पेडोही दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बनावटीचे होते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तोफेचा गोळा क्षेपणास्त्राच्या मानाने कवडीमोल असतो, मग किनाऱ्यावर मारा करायला बॅटलशिप स्वस्त नाही का? गोळा स्वस्त, पण तो ३८ किलोमीटरपर्यंत नेऊन टाकणारी नौका स्वस्त नाही. दीड हजार माणसांचा पगार, रोजचे अन्न, आठ बॉयलरचे इंधन आणि तिच्या रक्षणासाठी लागणाऱ्या इतर नौका हे सगळे त्या गोळ्याच्या किमतीत धरले पाहिजे. शिवाय ३८ किलोमीटर म्हणजे किनाऱ्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यात शिरणे. कोरियाला ते चालले, कारण समोर अशी क्षेपणास्त्रे नव्हती. तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. अमेरिकेची बी-५२ विमाने १९५० च्या दशकातल्या आराखड्याची असून अजून उडतात, मग जहाजांनीच काय पाप केले? उत्तर असे की बी-५२ चा सगळा ताफा कधी बासनात गेलाच नाही. या विमानांचे वैमानिक पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिले, सुटे भाग बनत राहिले, रडार आणि अस्त्रे बदलत राहिली. त्यांच्या कामालाही पर्याय निघालेला नाही, कारण दूरवर मोठा भार वाहून नेणे आजही लागते. सलग चालू राहिलेले यंत्र आणि थांबवून पुन्हा सुरू केलेले यंत्र यांत फरक आहे, आणि तो बॅटलशिपच्या विरुद्ध जातो.

म्हणून या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर देणे चूक आहे. युद्धानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत बासनातली बॅटलशिप परत येणे शक्य होते, आणि योग्य रणभूमीवर ते उपयोगीही ठरले. साठ ते नव्वदच्या दशकांत ते फक्त अत्यंत श्रीमंत नौदलाला, मर्यादित कामासाठी आणि माणसांच्या जिवाची जोखीम पत्करून जमले. त्यानंतर ते जमण्यासारखे राहिले नाही. नव्याने कोणी दाखवील की सांगाडा अजून धड आहे, पण प्रश्न सांगाड्याचा कधी नव्हताच. १६ इंची तोफेवर काम केलेला गोलंदाज सेवेत उरला नाही, तिची दारू बनवणारा कारखाना उरला नाही, आणि तिने करायचे काम क्षेपणास्त्रे, विमाने आणि ड्रोन करू लागले.

आपल्या नौदलाला आणि नागरिकांनाही यातून घेण्याजोगे आहे. मोठी नौका निवृत्त होते त्या दिवशीच तिचे पुढे काय होणार हे ठरले पाहिजे. परत उठवायची असेल तर ठरावीक वर्षांसाठी माणसे, भाग आणि निधी तिच्याबरोबर बांधून ठेवावेत. स्मारक करायचे असेल तर पैसा आणि जागा आधी हातात असावी. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली, जतनाच्या मागण्या आणि न्यायालयीन लढे झाले, तरी अखेर २०१४ नंतर दारूखाना या मुंबईच्या जहाजतोडणी भागात तिचे तुकडे झाले. विराट ही विमानवाहू नौका २०१७ मध्ये निवृत्त झाली आणि तिचीही वाट अलंगच्या भंगारात संपली. या दोन नौकांवर प्रेम करणारे लोक कमी नव्हते. वेळेवर घेतलेला निर्णय कमी पडला. निवृत्त शस्त्राबद्दल आदर असेल तर त्याला खोटी आशा लावू नये. ते लढू शकते की नाही हे निष्ठुरपणे तपासावे, आणि लढू शकत नसेल तर त्याला जपण्याचा खर्च मोकळ्या मनाने उचलावा.